घनश्यामच्या हातातला कासरा

देवळीच्या स्टँडवर मी भूगोलाचं पुस्तक उघडून ऐटीत बसले होते, पण कान सारे मागच्या बाकावर. तिथे दोन जुने मालगुजारपुत्र भेटले होते; वय चाळीस, चेहरे साठीचे.

“दौलत, तू अन् मोटारीच्या स्टँडवर?”

“मालगुजारी गेली, भैयाजी. घोडी होती, तीही विकून पिलो.”

“काय दिवस होते. शंकरपटाच्या शर्यतीत आपला छकडा सुटला का सारी देवळी उभी राहे.”

“घनश्याम आपल्या दोघांच्या मधात उभा राहून गाये. छकडा उलटला, तवाही गातच होता.”

“त्याले जाऊन बारा वर्षं झाली. आज काऊन त्याचं नाव काढतं?”

“रोहण्याले त्याच्या मायकडे चाललो. तिले अजून वाटते, दारूत कासरा त्यानंच धरला, बैलही त्यानंच मारले. पोळ्याले बैल दारी आले का लाजेनं दार लावून घेते. कासरा माह्या हाती होता, हे सांगतो.”

“म्हातारीले आता सांगून काय करतं?”

“नाई तं पोराले शिव्या देतच मरन.”

“अन् दारू मी पाजली, हेही सांगशील?”

“तुयं नाव नाई घेत.”

मोटार आली. दौलतराव चढले अन् दारातच थबकले. मागून भैयाजींनी पायरीवर पाय ठेवला.

“सरक ना बे. मलेबी चढू दे.”