शिवप्पाशेजारची खुर्ची

— न्हाई म्हणलो ना, रुद्राणी. हाफिसात तुझ्या बापाशेजारची, शिवप्पाशेजारची खुर्ची रिकामी झाली, सायब तयार हाय, केरबानं नुसतं हाव म्हणायचं बाकी हाय — ऐकलं मी. दोनदा ऐकलं. आन् माझ्या गुडघ्याची काळजी तुझ्या बापाला कवापासून लागली? एवढ्या उन्हात पोरीला नांदेडहून ह्या धर्माबादच्या नाक्यावर धाडलं, स्वतः काऊन न्हाई आला? मी फोन उचलीत न्हाई म्हून? फोन न्हाई उचलला तर माणूस चालत येतो. पर चालणार कसा, पंख्याखालून उठवतच नसंल. बस, त्या लिंबाखाली बस. ट्रक आला की मी उठंन, तवर बस.

तू इंजिनेरिंग शिकतीस, तुला वाटत असंल पोलीस म्हंजे सगळे एकच. एक न्हाईत. दोन जाती हायत आमच्यात — एक रस्त्यावरची, एक टेबलावरची. आन् जातीचं मला नको शिकवू, ते मला पाळण्यापासून कळतं. रस्त्यावरचा दगड खातो, शिव्या खातो, विहिरीतून फुगलेलं मढं वर काढतो. टेबलावरचा काय करतो? त्या मढ्याच्या कागदाला टाचणी टोचतो, आन् वरून म्हणतो, केरबा, अक्षर चांगलं काढत जा. पोटं बघितलीस का त्यांची? वर्दी घातली तर गुंडी उडून समोरच्याच्या डोळ्यात जाईल, म्हून तर साध्या कपड्यात येत्यात. भरतीच्या दिवशी सगळे मैदानात पळले, सगळ्यांनी छाती फुगवली. पास झाल्यावर कुणाचा मामा निघाला, कुणाचा मेव्हणा निघाला, आन् घुसले हाफिसात. नाव ठाण्यावर, बूड हाफिसात. अटॅच हाय म्हणत्यात. गोचीड बी अटॅचच असतो की म्हशीला. मग ठाण्याच्या फळ्यावर माणसं भरपूर, आन् हजेरीला उभं कोण? मी आन् तुझा बाप.

आता तुझा बाप बी न्हाई.

सहस्रकुंडाचं तुला काय सांगितलं त्यानं? काहीच न्हाई ना? तो न्हाईच सांगणार. त्याचा हात निखळला, कान गेला, एवढंच ठाव असंल तुला. मग ऐक. तवा आमचं ठाणं तिकडंच व्हतं. श्रावणातला रविवार, पैनगंगा फुगलेली, इस्लापूरपासून गाड्यांची रांग लागलेली. आख्खं नांदेड लोटलं व्हतं धबधबा बघायला. आन् बंदोबस्ताला किती? दोघं. सकाळी फोन करून माणसं मागितली तर हाफिसातनं म्हणत्यात, आज मीटिंग हाय, आहेत तेवढ्यात भागवा. मीटिंग कशाची? गर्दीच्या नियोजनाची. हसू नको, खरं सांगून राहिलो.

दुपारी एक बाई नवऱ्याला फोटो काढायला लावून खडकावर गेली आन् मागनं पाणी चढलं. नवरा काठावर, बाई खडकावर, मधी लाल पाणी धो धो. लोक काय करून राहिले? व्हिडिओ. मी शिट्टी फुंकतोय, ऐकायला येत न्हाई. तुझ्या बापानं कणसंवाल्याच्या झोपडीचा दोर सोडला, एक टोक कमरेला बांधलं, एक माझ्या हातात दिलं. म्हणला, 'केरबा, सोडू नको.' आन् गेला. पोहायला येतं का ते तरी इचारायचं. उदगीरचा माणूस, तिकडं पाणी प्यायला मिळंना, पोहणार कुठं?

बाईला काढलं त्यानं. काठाला लावली, आन् एका लाटंत स्वतः गेला. मला नुसती टोपी दिसली, ती खाली कुंडाकडं गेली. दोर हातातून सळसळ सरकला, तळव्याची साल निघाली — हे बघ, अजून गुळगुळीत हाय. मी बाभळीच्या खोडाला पाय लावला आन् वढत ऱ्हायलो. कुणाला वढून राहिलो, जित्याला का मेल्याला, मला काय ठाव? वर आला तवा खांदा भलतीकडं लोंबत व्हता आन् कानातून रगत. डोळे उघडून मला काय म्हणावं त्यानं? 'बाई कुठाय?'

आन् हाफिसानं काय केलं? त्याचा खांदा प्लास्टरमधी असताना इचारलं, सरकारी टोपी गहाळ कशी झाली, खुलासा करा. ज्या हातांनी मी त्याला वढलं त्या हातांनी मी टोपीचा खुलासा लिहिला. आन् आता मी त्याच लोकांच्या शेजारी बसून चहा पिऊ?

तुझा बाप पितो. मला त्याचाच राग हाय. हाफिसात बसवल्यावर पहिले काही महिने तो घरी येऊन भिताडाकडं तोंड करून बसायचा, तुझ्या मायनं, शिवम्मानं मला फोनवर सांगितलं. बरं वाटलं मला — म्हंजे बरं न्हाई, पर माणूस अजून आपला हाय असं वाटलं. आन् पोळ्याला ठाण्यावर आला तर कसा आला? कडक इस्त्री. खिशाला पेन. केसाला तेल. म्हणला, तिथं गादीची खुर्ची हाय केरबा, कोण वरडत न्हाई, तू बी ये. मी म्हणलो, कोंबडी बसव तिच्यावर, अंडं तरी निघंल. सगळं ठाणं हसलं. तो न्हाई हसला. गेला तो गेला. आता गाडीवर मागं कोण बसतं माझ्या? कधी हा, कधी तो. एकाला बी माझ्यासंगं बोलायचं न्हाई, सगळे मोबाइलमधी. तुझा बाप मागं बसून कानडीत गाणं म्हणायचा, भसाडं. आता रस्ता लई लांब वाटतो.

आन् वर्दीचं म्हणशील तर — माझा बाप गावच्या पारासमोरून चपला हातात घेऊन जायचा. त्याच पारासमोरून मी बूट वाजवीत गेलो, आन् पारावरचे म्हणले, या हवालदार. साध्या कपड्यात मी कोण? साध्या कपड्यात मी पुन्हा केरबाच की. तुझ्या बापाला हे न्हाई कळायचं, त्याला चप्पल कुणी काढायला लावली नव्हती.

काय? कुणी चहाडी केली ते तुझा बाप अजून शोधून राहिला? कुणीतरी जळून सायबाचे कान भरले, शिवप्पा कामातून गेला म्हणलं, म्हून आपल्याला आत बसवलं — असं म्हणतो? जळून! त्याच्यावर कोण जळंल, त्या एककान्यावर? त्याला काय ठाव. प्लास्टर निघून महिना न्हाई झाला तर आम्ही नाल्याच्या पुलावर उभे, पाण्यातनं एक वासरू चाललेलं, आन् हा बूट काढून राहिला. वासरासाठी. एक हात वर जाईना, आन् बूट काढून राहिला. मी त्याची गचांडी धरली तवा थांबला. आन् मी नसतो तर? पुन्हा दोर कोण धरणार व्हतं? ह्या हातांना पुन्हा जमलं असतं का? चहाडी म्हणं. दुसऱ्या दिवशी सायबाच्या दारात टोपी काढून उभा ऱ्हायलो मी, म्हणलो सायब, ह्याला आत घ्या, टेबल द्या, टाचण्या मोजायला लावा, पर रस्त्यावर नको, हा मरंल, आन् माझ्या डोळ्यासमोर मरंल —

...

काय म्हणलो मी? काही न्हाई म्हणलो. ऊन डोक्यात गेलं.

अशी बघू नको. डोळे पूस आधी, लोकांना वाटंल पोलिसानं पोरीला दम दिला. बापाला एवढंच सांग, केरबा न्हाई म्हणला. लई वंगाळ बोलला म्हणून सांग, शिव्या दिल्या म्हणून सांग. बाकीचं तू ऐकलंच न्हाई. कळलं? ऐकलंच न्हाई.

ती बघ, नांदेडची यष्टी. थांब, मी हात करतो. चढ. खिडकीतून बघत बसू नको, पुढं बघ. जा.