पुण्याचं गेट, डीमनची ट्रॅम

तुम्ही हसाल, पण पुण्यातल्या आमच्या सोसायटीचं गेट मी इथून परदेशातून, डीमन नावाच्या गावातल्या ट्रॅममध्ये बसून उघडते. हल्ली तिथे ओळखीचं माणूस आलं तरी वॉचमन आधी घरमालकाला ॲपवरून विचारतो. आई गेल्यापासून तो फोन मला येतो. फ्लॅट विकला की बंद होईल.

परवा दुपारी बाहेर दाट धुकं होतं, माझा डोळा लागत होता. फोन वाजला.

"मॅडम, मंगलाताई आल्यात. सोडू का?"

मंगलामावशी म्हणजे आईची रोजची चहाची सोबतीण. मी म्हटलं, "जरा त्यांना द्या फोन." मग त्यांना सांगितलं, "मावशी, घराला कुलूप आहे गं."

"माहितीये. मला काय म्हातारचळ लागलाय? चहाची वेळ झाली की पाय इकडेच वळतात. दारापाशी पायरीवर बसते जरा. थर्मास आणलाय मी."

मी 'अलाऊ' दाबलं. पुन्हा डोळे मिटले, आणि धुक्यातून कपबशांचा आवाज आल्यासारखं वाटलं, अगदी आमच्या स्वयंपाकघरातला.

तेवढ्यात एजंटचा फोन. "मॅडम, गिऱ्हाईक घेऊन येतोय. फ्लॅट रिकामाच आहे ना?"

"आज नको," मी म्हटलं. "आईकडे पाहुणे आलेत."