दार वाजवून आत जाणारा डॉक्टर

मंडळी, तुमी सगळे आलात. दारव्ह्याचे व्यापारी आले, खेड्यायवरून लोक आले, तांड्यावरून नाईक आपल्या माणसायले घेऊन आले. बाजाराचा दिवस असून दुकानं बंद आहेत. मी रहीम, कापडाचा दुकानदार. मले सभेत बोलाची सवय नाही. पण नारायण डॉक्टर गेला अन् मी गप्प बसलो, हे कसं जमन?

एक माफी आधीच मागतो. मी त्याले अरेतुरे करीन. शाळेत आमी एका बाकावर होतो. गावाचा डॉक्टर तो मागाहून झाला.

माह्या आधी जे बोलले, ते सगळे म्हणाले का त्याच्या आत्म्याले शांती मिळो. चांगलं म्हटलं. पण मले रडता रडता हसू आलं. नारायण इथं असता तं मागच्या रांगेतून बोलला असता, "आत्मा कोणी पाह्यला का?"

हाव, असाच होता तो. देवळात कधी गेला नाही, अन् जाणाऱ्याले कधी अडवलं नाही. संध्याकाळी दवाखाना रिकामा झाला का मी जाऊन बसे. चहा येये अन् आमचं भांडण सुरू होये. तो म्हणे का रहीम, पचवणं जसं पोटाचं काम, तसं राग, लोभ, माया हे सगळं मेंदूचं काम. मेंदू थांबला का सगळं थांबलं. एक गाडीवान होता, मोठा शांत माणूस. गाडीवरून पडला, डोक्याले मार लागला. जखम भरली, पण मंग तो घरच्यायच्या अंगावर धावून जाऊ लागला. नारायण मले विचारे, पडला तं तो गाडीवरून, मंग त्याचा स्वभाव काहून बदलला? मी म्हणे, वाजवणारा तोच आहे, बाजा फुटला. रूह, म्हणजे तुमचा आत्मा, अल्लाची अमानत आहे, ते गाडीवरून पडत नसते. तो हसे. चहा थंड होऊन जाये. इतक्या वर्षांत आमच्यातलं कोणीच हरलं नाही.

मंग महाराष्ट्र झाला, त्या उन्हाळ्यात त्याच्या बायकोले, कमलावहिनीले, लकवा झाला. अंगणात सांडगे घालून राह्यल्या होत्या, तिथंच पडल्या. उजवा हात गेला, वाचा गेली. नारायणनं छोट्या रेलगाडीनं मूर्तिजापूर गाठलं, अन् तिथून त्यायले नागपूरले नेलं. वाचा हळूहळू परत आली. पण मंडळी, मधली सारी वर्षं पुसल्या गेली होती. दिग्रसचं माहेर आठवे, थोरली बहीण आठवे. लग्न आठवत नव्हतं. नवरा खोलीत आला तं त्यायनं पदर सावरला अन् सोबतीले येऊन राह्यलेल्या त्या बहिणीले विचारलं, "हे कोण आहेत?"

बहिणीनं सांगतलं, तुहे मालक आहेत. वहिनी इतक्या घाबरल्या का रडू लागल्या. नारायणनं बहिणीले बाहेर बोलावलं अन् सांगतलं का हे पुन्हा बोलू नका. मी डॉक्टर आहे, तपासाले येतो, एवढंच तिले माहीत राहू द्या.

तवापासून तो आपल्याच घरात परक्यासारखा राह्यला. झोपे दवाखान्यात. सकाळी आपल्याच घराचं दार वाजवे, "येऊ का, बाई?" म्हणून विचारे, अन् आतून हाव आलं तरच आत जाये. त्यायचा उजवा हात तेलानं चोळून देये. पाण्यापावसाचं, कापसाचं काही बोलत बसे. अन् निघून येये.

मले ते पाहवत नव्हतं. मी म्हटलं, दर्ग्यावर जाऊ, दुआ मागू. तो म्हणाला, दुआ तू माग, हात मी चोळतो. शेवटी एका संध्याकाळी मी त्याले विचारलंच, "नारायण, तू म्हणते सगळं मेंदूत असते. वहिनीच्या मेंदूत तं तू आता नाही. मंग तुमचा संसार गेला कुठं?"

त्यानं थंड झालेला कप बाजूले सारला.

"दोघायपाशी होता," तो म्हणाला. "आता माह्या एकट्यापाशी आहे. म्हणून जपून राहा लागते, रहीम. माह्या डोक्यातून गेला तं तो कुठंच राहणार नाही."

मंडळी, माह्या जिंदगीतलं सारं माह्या खुदापाशी जमा आहे, असं मी मानतो. मी विसरलो तरी तो विसरणार नाही. नारायणपाशी असा कोणी नव्हता. भरवसा टाकाले जागाच नव्हती. म्हणून तो स्वतः त्या नात्याले जागला.

हिवाळ्यात एकदा मी त्याच्यासंगं गेलतो. हात चोळून झाला, तो उठला. वहिनी मले म्हणाल्या, "भाऊ, या डॉक्टरसाहेबायले घर नाही का? रोज येतेत अन् उपाशीच जातेत."

नारायण म्हणाला, "घर आहे, बाई. बायको आजारी असते."

"मंग इथं जेवत जा," वहिनी म्हणाल्या. बहिणीले ताट वाढाले लावलं, अन् डाव्या हातानं स्वतः त्याच्यापुढं सरकवलं. ज्वारीची भाकर अन् वांग्याची भाजी. तो जेवला. खाली पाहून, सावकाश जेवला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, पाह्य, रूहनं तुले ओळखलं. त्यानं मान हलवली. "नाही रे. ओळखलं नाही. नव्यानं पसंत केलं." अन् भर रस्त्यात, लोकायदेखत, त्याच्या डोळ्याले पाणी आलं. म्हणाला, "मागच्या खेपेले तिच्या बापानं पसंत केलतं मले. या खेपेले तिनं केलं."

त्यानंतर तो तिथंच जेवत होता. मागच्या आठवड्यापर्यंत.

मागच्या आठवड्यात रोगी तपासता तपासता त्यानं छातीवर हात ठेवला, खुर्चीत बसला, अन् गेला. वहिनीले सांगतलं का डॉक्टरसाहेब गेले. त्या आल्या. बायकायनं बांगड्या फोडाचं काढलं, पण बहिणीनं कोणाले त्यायच्या हाताले हात लावू दिला नाही. वहिनी त्याच्यापाशी बसल्या. त्याचा हात मांडीवर घेतला, अन् डाव्या हातानं चोळत राह्यल्या. गरम होत नव्हता तरी चोळत राह्यल्या.

कोणी माह्या कानात म्हणालं, ही आत्म्याची ओळख आहे. माहं मनही तेच म्हणून राह्यलं होतं. पण मी ते इथं म्हणणार नाही. उत्तर द्यायले तो नाही. जो उत्तर देऊ शकत नाही त्याच्याशी वाद जिंकणं आमच्या दोस्तीत बसत नाही.

काल मी वहिनीले भेटाले गेलतो. त्यायनं मले विचारलं, "भाऊ, त्यायची बायको आजारी असते म्हणे. आता तिच्याकडं कोण पाहीन?"

मी म्हटलं, "गाव पाहीन, बाई."

तुमाले न विचारता, मंडळी, मी तुमच्या वतीनं शब्द देऊन आलो. तो पाळा.

आता सगळे उभे राहू. ज्याले जे मानायचं ते मनात माना, पण थोडा वेळ कोणी काही बोलू नका. नारायण, दोस्ता, माहा तुले सलाम.