रिकाम्या नळीतली रेघ

सन्माननीय अध्यक्ष महाशय, मुंबईहून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरील प्राचार्य, सहकारी मित्र आणि पालघर-बोईसरचे नागरिक बंधुभगिनींनो,

निवृत्तीच्या निमित्ताने आपण माझं कौतुक केलंत. पाहुण्यांनी माझ्या शोधाचं इतकं सुंदर वर्णन केलं, की ते ऐकताना मला, स्पष्टच बोलतो, शिसारी आली. त्यांची नव्हे; माझी.

दोन वायूंची क्रिया होताना मध्येच एखादा पदार्थ जन्मतो आणि पापणी लवायच्या आत नाहीसा होतो. काचेच्या नळीत प्रखर दिव्याचा लखलखाट पाडून त्याची खूण फोटोच्या काचेवर टिपायची, हे माझं काम. तीन वर्षं काही मिळेना. चौसष्ट साली एक बारीक रेघ उमटली. मी घाईने निबंध छापला. गळ्यात हार पडले.

पुढच्याच आठवड्यात आमचे प्रयोगशाळेतले शिपाई जिव्या धोडी नवी काच घेऊन आले. म्हणाले, "सायेब, आज नळीत वायू भरलाच नाय. तरी रेघ हाय."

म्हणजे काय? ती रेघ त्या पदार्थाची नव्हतीच. आमच्या दिव्याचीच होती. मला तत्क्षणी कळलं. आणि मी काय केलं? काच फरशीवर आपटली. 'कामात निष्काळजी' असा शेरा लिहून आठ वर्षं नोकरी केलेल्या माणसाला घरी बसवलं. तेव्हा मी त्यांना अरे-तुरे करत असे, हेही सांगून टाकतो.

काल वैतरणेला गेलो. जिव्या धोडी आता तिथल्या खाडीत रेती काढतात. कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. मी काठावरून माफी मागितली.

"मला काय सांगता?" ते म्हणाले. "मला तं ठावंच हाय. ज्यांना ठावं नाय त्यांना सांगा." आणि पाटी भरायला वाकले.

आज सकाळी निबंध मागे घेत असल्याचं पत्र टाकलं. प्राचार्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, "सर, पाहुणे मुंबईहून निघालेत. समारंभ होऊ द्या, मग बघू." मलाही क्षणभर ते सोयीचं वाटलं. त्याचीच जास्त किळस येते.

हे मानपत्र मी टेबलावरच ठेवतो आहे. आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. जिव्या धोडींच्या बाबतीत मात्र मला माफ करण्याचा अधिकार या सभागृहाला नाही. तो त्यांचा आहे, आणि त्यांनी अजून माफ केलेलं नाही.