पापडाच्या खाटेवर प्रिंटर

माझं माहेर खाडीकाठचं, पेणपासून फार लांब नाय, पण तेव्हा चालत यायचं म्हणजे अर्धा दिवस जायचा. आमचं सगळं घर मिठागरावर. बाप, चुलते, आई, आमी बहिणी, सगळे. भरतीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, बांध घालायचा, आणि मग काय करायचं, तर उन्हाकडे बघत बसायचं. ऊन पाणी पिऊन टाकतं आणि मीठ आपल्याला ठेवतं. मी लहानपणी तेवढंच शिकले, की कशाचं काय बिघडलं तर आधी उन्हात ठेव. मिरच्या, सुकट, गोधड्या, आजारी माणूससुद्धा. आमचा ताप उतरला की आई उचलून अंगणात उन्हात नेऊन बसवायची, आता सुकेल म्हणायची. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार हाय.

लग्न होऊन पेणमध्ये आले तर इथं पापड. पोह्याचे पापड. तोही उन्हाचाच धंदा, म्हणून मला जड नाय गेला. आधी दुसऱ्यांचे लाटून द्यायचे, मग हळूहळू घरचे सुरू केले. पोह्याचं पीठ, मिरची, हिंग, पापडखार, पीठ कुटून कुटून हात भरून यायचे. लाट्या करायच्या, त्यावर ओलं फडकं टाकायचं, एकेक काढून लाटायची, आणि लाटलेला पापड खाटेवर धोतर पसरून त्यावर. आमचे हे टेम्पोवर ड्रायव्हर, ते सकाळी जायच्या आधी खाटा बाहेर काढून द्यायचे, तेवढी त्यांची मदत, आणि संध्याकाळी येऊन दोन भाजून खायचे, तेवढं नुकसान.

पण काय सांगू तुमाला, इतकी वर्षं पापड केले आणि नाव काय, तर पेणचे पापड. दुकानदार न्यायचा, बरणीत ओतायचा, पेणचे पापड. माझे कुठले, शेजारच्या मालतीचे कुठले, कोणाला माहीत. माझं नाव एकदाच छापून आलेलं, लग्नाच्या पत्रिकेवर. त्याच्यानंतर मी धाकटी सून, मग वहिनी, मग निलेशची आई. नावानं हाक मारणारी माणसं माहेरची, ती माहेरीच राहिली. मी काय रडत नव्हते हो त्यासाठी. पण सायली आली तेव्हा कळलं की मला हवं होतं.

सायली म्हणजे माझी सून, निलेशची बायको. रोह्याची. तिच्या वडिलांनी ती कॉलेजात असताना तिला प्रिंटर घेऊन दिलेला, घरात ठेवायचा, शाईचा, रंगीत. तो ती लग्नात घेऊन आली. बाकी पोरी फ्रिज आणतात, कपाट आणतात, हिनं हे खोकं आणलं. मालती मला हळूच बोलली, गो वहिनी, ही भाकऱ्या करणार हाय का झेरॉक्स? मी बोलले, बघू या गो, भाकऱ्या मला येतात.

तर त्या सायलीनं एक दिवस खाटेवरच्या पापडांचा फोटो काढला, कॉम्प्युटरवर काय काय केलं, आणि चिकटवायच्या कागदावर छापून माझ्या हातात दिलं. सुलभाताईंचे पोह्याचे पापड, पेण. मी बोट लावून बघितलं तर शाई ओली, बोट निळं झालं आणि माझा सु फरकटला. सायली ओरडली, आई, सुकू द्या ना! मी ते फरकटलेलंच देव्हाऱ्याच्या बाजूला चिकटवलं, अजून हाय तिथं.

मग पाकिटं झाली. मालतीच्या बहिणीनं नेली, आमच्या ह्यांच्या टेम्पोच्या मालकानं नेली. आणि गेल्या वर्षी सायलीच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या व्याह्यांनी, रोह्याच्या बाजारात एका दुकानदाराला दाखवली. दुकान चांगलं चालणारं. तो बोलला, गणपतीला मुंबईची माणसं गावाला येतात, जाताना पापड नेतात, तेव्हा आणा, पुढच्या फळीवर ठेवीन. पण नावासकट आणा. बिननावाचे आणलेत तर माझ्या बरणीत जातील, मग ते माझे पापड. मला ते इतकं लागलं आणि इतकं आवडलं, दोन्ही एकदम. पुढच्या फळीवर सुलभाताई!

पापड तयार होते. उन्हाळ्यात करून डबे भरून ठेवलेले, हवाबंद. फक्त पाकिटं भरायची आणि नाव लावायचं. गणपती तोंडावर आले तेव्हा सायलीनं प्रिंटरवरचं फडकं काढलं आणि पान काढलं. काय सांगू, पापड हिरवे आले! माझा फोटोतला पापड हिरवा, मध्ये मध्ये पांढरे पट्टे, आणि नाव अर्धं. निलेश बोलला, आई, पालकाचे म्हणून विक. मी लाटणं उगारलं. सायलीनं त्याच्यातलं साफ करायचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, तो कुरकुर कुरकुर करून शाई पिऊन टाकायचा आणि पुन्हा पट्टेच.

छापखान्यात विचारलं तर तो बोलला गणपतीपर्यंत हात रिकामा नाय. झेरॉक्सवाला बोलला तुमचा चिकट कागद माझ्या मशीनमध्ये अडकतो, मी घालणार नाय. म्हणजे आमचाच प्रिंटर पायजे.

घरात दोन पक्ष पडले. निलेश बोलला नवा घ्या, हा म्हातारा झाला, मोबाईलवर त्यानं निवडूनसुद्धा ठेवलेला, शाईच्या टाकीवाला. सायली बोलली बाबांनी दिलाय, रिपेर करू. निलेश बोलला अगं बाबांनी तुला पण दिलंय मला, तुझी रिपेरी मी करतो का? तेव्हा दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाय. मी मध्ये. मला कोणी विचारलं नाय, पण माझ्या डोक्यात आपलं चाललेलं, की बाई, पावसाळाभर हा कोपऱ्यात पडलेला, भिंतीला ओल, कागदाला ओल, मिठाला पाणी सुटलेलं, ह्याच्या अंगात ओल शिरली असणार. आणि दुसऱ्या दिवशी नेमकी उघडीप पडली. लख्ख ऊन. गल्लीत सगळ्यांनी गोधड्या काढल्या. मी सायलीला बोलले, सायली, ह्याला उन्हात देऊ या. ती म्हणे, आई, काय होणार नाय ना? मी बोलले, गो, मी जन्मभर दुसरं केलंय काय?

आमी दोघींनी त्याला उचलला, पापडाच्या खाटेवर ठेवला, धूळ नको म्हणून वर पांढरं धोतर टाकलं. झाकण उघडं, आतपर्यंत ऊन जावं म्हणून. कावळ्याला हाकलायला मी बाजूला बसले. दुपारी तापला तसा मी त्याला परतून पण ठेवला, दुसरी बाजू. मालती येऊन बघून गेली, बोलली, चांगला कडक होऊ दे.

संध्याकाळी पान काढलं. कोरं. हिरवं नाय, पट्टे नाय, काहीच नाय. पांढरं फटक. सायली खाली बसली. निलेश हसला नाय, हे जास्त वाईट. तो बोलला, मी नवा मागवतो. पण मोबाईलवर बघितलं तर तो यायचा गणपती उठल्यावर. तोवर मुंबईची माणसं पापड घेऊन परत जायची.

मग मीच बोलले, चला रोह्याला. व्याही फोनवर सांगत होते की तिथं एक शब्बीरभाई हायत, पंचवीस-तीस वर्षं आखातात हापिसांतल्या मशीनी दुरुस्त केल्या, आता घरी आलेत, बाजाराच्या मागं छोटं दुकान टाकलंय. मी प्रिंटर त्याच धोतरात गुंडाळला आणि आमी दोघी रोह्याच्या गाडीत बसलो, मांडीवर घेऊन. नागोठण्याला एक बाई चढली, बोलली, काय गो, शिवणयंत्र? मी बोलले नाय, पेशंट हाय. ती बोलली मग खिडकीकडं धर, वारा लागू दे. ती निडीला उतरेपर्यंत तिनं तिच्या मिक्सरची सगळी दुखणी मला सांगितली.

शब्बीरभाईंनी धोतर सोडलं, आत बॅटरी मारली, वास घेतला. बोलले, ताई, ह्याला हिंगाचा वास कसा? मी सगळं सांगितलं. खाट, ऊन, परतून ठेवला, सगळं. ते ऐकत राहिले, मग चष्मा काढून इतके हसले की बाजूच्या दुकानातला माणूस बघायला आला. बोलले, सौदीत वाळवंटात मशीनी बघितल्या, पण मुद्दाम वाळवलेली ही पहिली. मग नीट समजावलं. बोलले, ताई, ह्याला ओल लागलेली नव्हती, हा सुकलेलाच होता. शाई ज्या भोकांतून येते ती केसापेक्षा बारीक. तुमी पावसाळाभर एक पान काढलं नाय, तिथं शाई सुकून बसली. वर तुमी ऊन दिलंत. आता ह्याचं ते तोंड काढून कोमट पाण्याच्या ओल्या फडक्यावर ठेवायचं, हळूहळू शाई सुटेल. उद्या या.

ओलं फडकं! मी डोक्याला हात लावला. म्हणजे हा पापड नव्हेच, ही लाटी! लाटी उघडी ठेवली की वरून कडक होते, मग लाटायला घेतली की चिरते, म्हणून तर फडकं. जन्मभर रोज करते ते मी. ते बोलले, बरोबर, बरोबर, लाटीच. सायली बोलली, आई, म्हणजे आपण लाट्या उन्हात ठेवल्या. आणि दोघी तिथंच हसत सुटलो.

व्याह्यांकडे राहावं लागलं. मुलीकडची माणसं ती, त्यात मी वरमाय, त्यांनी घावणे केले, मटण केलं, मला खुर्चीवरून उठू देईनात. मी मनात म्हणतेय, बाबांनो, तुमचा प्रिंटर मी भाजलाय. शेवटी सांगितलंच. व्याही बोलले, विहीणबाई, तुमी काळजी करू नका, मी कंपनीत शिफ्टमध्ये बॉयलर सांभाळला, मला पण तो प्रिंटर कधी उघडता नाय आला.

दुसऱ्या दिवशी गेलो तर फडक्यावर निळे, लाल, पिवळे डाग पडलेले, रंगपंचमीसारखे. शब्बीरभाईंनी तोंड बसवलं, सायलीनं पेनड्राइव्ह दिला, आणि पान यायला लागलं. आधी खाट आली, मग पापड आले, तांबूस, खरे, माझे. मग नाव. मी ह्या वेळी बोट नाय लावलं.

मी विचारलं, भाई, खरं सांगा, हा ठेवू का नवा घेऊ? ते बोलले, ताई, हा आणखी चालेल, कुठवर ते अल्ला जाणे. पण नवा घेतलात आणि पुढच्या पावसाळ्यात असाच उपाशी ठेवलात तर तो पण मरेल. जुना-नवा राहू दे, आठवड्याला एक रंगीत पान काढा. कसलं पण. सगळे रंग लागले पायजेत. पैसे सांगितले तेवढे दिले, वर पापड दिले. ते पापडाला नको नाय बोलले.

पाकिटं वेळेत गेली. दुकानदारानं पुढच्या फळीवर लावली, व्याही रोज जाऊन बघून यायचे, कोणी दुसरं पुढं लावलं तर सरकवायचे. गणपती उठायच्या आत आणखी मागितली.

आणि पानाचं काय झालं, तर सोमवार ठरला. निलेश बोलला फुकट शाई कशाला, कोणाच्या तरी कामाचं काढा. म्हणून गल्लीत सांगितलं, ज्याला पायजे त्यानं फोटो आणावा. पहिली मालती आली, तिला तिची म्हैस पायजे होती. मग कोणाचा नातू कुवेतचा, कोणाची नवी रिक्षा हार घातलेली, कोणाचा मेलेला सासरा, त्याला सायलीनं रंगीत फेटा घातला, तर सासूबाई बोलल्या जिवंतपणी इतका बरा नव्हता दिसत. आता भांडणं होतात सोमवारसाठी. पाऊस असो नसो, एक पान. मोबाईलमधला तो टाकीवाला अजून निवडलेलाच हाय. निलेशच आता सोमवारी बटण दाबतो आणि पान येईपर्यंत उभा राहतो.

परवा व्याह्यांचा फोन आला. दुकानात एक बाई आली, मुंबईची, ओळख ना पाळख, आणि बोलली, सुलभाताई आहेत का? दुकानदार बोलला, आहेत ना, किती देऊ? मी त्यांना तीनदा सांगायला लावलं. सुलभाताई आहेत का. आहेत ना.

मी आहे, बरी आहे. तुमचं पण बरं होवो. आणि आज सोमवार हाय, तुमच्या मोबाईलात कोणाचा फोटो असंल तर द्या सायलीकडे, रंगीत बघून द्या. तोवर मी दोन पापड भाजते.