हौदाजवळची नानेटी

कळंब्याच्या बसथांब्यावर दीक्षाच्या मागं बसलेल्या म्हाताऱ्यानं शेजारच्या सर्पमित्राला मोबाईलमधला सापाचा फोटो दाखवला.

"परड्यातल्या हौदाजवळ दोन महिनं ऱ्हायलाय. आता पाळल्यागतच हाय की."

"अंगावर दोन पिवळे पट्टे हायत न्हवं? ही नानेटी, आण्णा. बेडकं खाती. विष अजिबात न्हाय."

"नक्की?"

"शंभर टक्के. तुमचा पोरगा उगंच घाबरलाय. पुण्यातनं सकाळधरनं चार फोन आले मला."

"मला बी येत्यात. आधी फकस्त दिवाळीला करायचा. आता रोज सकाळ-संध्याकाळ इचारतोय, आण्णा, जपून हायसा न्हवं?"

"थांबा, त्याला आत्ताच कळवतो."

"नगं की रं बाबा! अजून वळखू येईना म्हणून सांग."