आत ओढलेला होकार

(स्टॉकहोम. टीव्ही स्टुडिओतली मेकअपची खोली. पन्नाशी ओलांडलेले सिक्स्टेन आणि गुनवर हे नवराबायको. पेत्रोनेला ही कार्यक्रमाची सहायक.)

सिक्स्टेन : ...म्हणून पुन्हा सांगतो, ती 'हो'च म्हणाली. आमच्या उत्तरेत 'हो' असाच म्हणतात. ओठ आवळून श्वास आत ओढला, की झालं.

पेत्रोनेला : परीक्षकांनी ते तीनदा ऐकलं. बाई बसल्या होत्या त्या काचेच्या खोलीतून नुसता श्वास ऐकू येतो, असं दोघांचं म्हणणं पडलं. 'थांबायचं का?' याला दहा सेकंदांत शब्दांत उत्तर आलं नाही, म्हणून पाचवं दार उघडलं. नियमच आहे तसा.

सिक्स्टेन : आणि दारामागं काही नव्हतं. चार दारांवर मिळालेले दोन लाख चाळीस हजार क्रोनर गेले.

पेत्रोनेला : पण तिसऱ्या परीक्षकांची आजी तुमच्याकडची. ते म्हणाले, हा शब्दच आहे, आमच्या घरात याच्यावर लग्नं ठरली आहेत. शेवटी असं ठरलंय, की बाईंनी स्वतः सांगायचं. तो होकार होता असं त्या म्हणाल्या, तर पैसे तुमचे. मी कागद घेऊन येते.

सिक्स्टेन : ऐकलंस, गुनवर? होडीवाला म्हणालाय, सोमवारी पैसे दिले तर गुरुवारी येतो. दोन पाणबुडे, पाण्याखालचं दाखवणारं यंत्र, पंधरा दिवस. तळ्यावर बर्फ धरायच्या आत सगळी उत्तरेची बाजू बघून होईल. पोलिसांनी आठ दिवसांत हात टेकले. आपल्या योआरची बर्फगाडी तेवढी वर काढली.

गुनवर : सिक्स्टेन, तो 'हो' नव्हता.

सिक्स्टेन : एकतीस वर्षं ऐकतोय मी तुझा 'हो'.

गुनवर : मी 'नाही' म्हणणार होते. त्यासाठी श्वास घेतला, आणि शब्द बाहेरच आला नाही.

सिक्स्टेन : पाचवं दार हवं होतं तुला? कॉफीसुद्धा स्वस्त होईपर्यंत न घेणारी बाई तू.

गुनवर : हरावं, असं वाटलं. होडी आली की तो सापडणार. तोवर तो नुसता घरी आलेला नाही. रविवारी मी अजून तीन ताटं मांडते. तू त्यातलं एक गुपचूप उचलून ठेवतोस.

सिक्स्टेन : तू बोलत नाहीस, म्हणून मीही बोललो नाही.

गुनवर : मग आता बोल.

सिक्स्टेन : काय बोलू? सात महिने रोज कामाच्या आधी तळ्याकाठी जाऊन उभा राहतो. शेजारी लांबून हात करतात, विचारतात, आज पाणी कसं आहे म्हणून. परत फिरलो की वाटतं, मीच त्याला टाकून निघालोय. रोज वाटतं. पुन्हा बर्फ धरलं आणि लोक त्याच्यावरून गाड्या न्यायला लागले, तर ते मला बघवणार नाही, गुनवर. तुला खोटं बोल म्हणत नाही मी.

गुनवर : म्हणत नाहीस. ठाऊक आहे मला.

पेत्रोनेला : आणला कागद. बाई, एवढंच विचारायचंय. तो श्वास म्हणजे 'हो' होता?

गुनवर : होता.

पेत्रोनेला : मग इथे सही करा. अभिनंदन. आणि एक राहिलं, बक्षिसाचं काय करणार ते पडद्यावर खाली दाखवतात. अर्जात तुम्ही नुसतं 'होडी' लिहिलंय. निवेदकांनी त्यावरून माशांचा विनोदही करून घेतला. तेच ठेवू ना?

सिक्स्टेन : राहू दे तेच. लोकांना काय करायचंय.

गुनवर : नको. ते खोड, पोरी. 'मुलाच्या दफनासाठी' असं लिही.